नावाचे पैसे

घाटंजीत, बस स्टँडच्या मागं,
जिनिंगच्या भिंतीला टेकून माझं दुकान.
लोक चपला बाहेर काढून आत येतात,
काचेतल्या केककडे बघतात
आणि विचारतात, भाव काय,
जसा तुरीचा विचारावा.

अर्धा किलो तीनशे वीस.
माणूस एक पाऊल मागं सरकतो,
म्हणतो, नागपुरात अडीचशेले भेटते.
आणा मग नागपूरहून, मी म्हणते,
एस.टी.त, मांडीवर, मे महिन्यात.
गावात उतरेस्तोवर गुलाब पायजम्यावर असतील.

हिशेब मला तोंडपाठ आहे.
मैदा, साखर, बिनअंड्याची पावडर.
क्रीम यवतमाळहून बर्फात बसून येतं
आणि बर्फाचं तिकीट माझ्याकडे.
लाइट गेली की फ्रीजवर गोधडी टाकून
मी देवाचं नाही, महावितरणचं नाव घेते.
खोकं अठरा, खालचा सोनेरी पुठ्ठा बारा,
मेणबत्ती, सुरी, तुम्ही फुकट समजता ते सगळं.
उरतात साठ-सत्तर.
त्यात माझे हात कुठं धरायचे
हे मला कोर्समध्ये कोणी शिकवलं नाही.

भाऊसाहेबांच्या पोरांचं वेगळं.
एकवीस केक, जीपच्या बोनेटवर ओळीनं,
तलवारीनं कापतात, अर्धे एकमेकांच्या तोंडाला.
भाव कधी विचारत नाहीत.
पैसेही कधी देत नाहीत.
लिहून ठेवा ताई, म्हणतात.
लिहिलं आहे. वही जाड झाली आहे.

तीस जूनला, दुकान आवरताना,
काळीपिवळीतून पंचफुलाबाई कोवे उतरली.
गावच्या शाळेत खिचडी रांधते,
चाळीस पोट्ट्यांची.
'दोन किलोचा केवढ्याले?'
बाराशे.
'बरोबर असन,' ती म्हणाली.
सात वर्षांत हे कोणी म्हणालं नव्हतं.
मी स्टुलावर बसले.
'अन् नाव लिवाचे?'
नावाचे पैसे नाहीत, फुकट.
'मंग नावच लिवून दे.'

पिशवीतून तिनं गंज काढला,
पांढऱ्या फडक्यात गाठ मारलेला.
आत केक. चुलीवर, वाळूत भाजलेला,
एका अंगानं करपलेला, मधात बसलेला,
मोहाची फुलं कुटून घातलेली.
माझ्या व्हॅनिलाचा वास गपकन खाली बसला.

कोणाचं नाव टाकू?
'पंचफुला.'
वाढदिवस कोणाचा?
'माहाच. दाखल्यावर उद्या साठ होते.
मास्तरनं एक जुलै टाकली होती मनानंच,
आता त्याच तारखेनं घरी बस म्हन्तेत.
पोट्टे म्हने, बाई, जाता जाता केक.'

मी कोन भरला.
खरबरीत तपकिरी पाठ, क्रीम धरेना.
'पं'वरचं टिंब घरंगळत काठावर गेलं,
दुसरं टाकलं.
वर हॅपी लिहू का?
'नाई. नावच.'
ती बोट न लावता, अक्षर अक्षर बघत होती,
ओठ हलवत.

किती झाले, तिनं विचारलं.
फुकट म्हटलं ना, बाई.
'रंग फुकट येते तुले?
फुकट रांधनं मले मालूम हाय,
मानधन येते तवा येते.
तू भाव सांग.'

आणि मला भाव येईना.
दहा म्हणावं तर माझीच लाज,
पन्नास म्हणावं तर परतीचं भाडं तिचं तीस.
वीस, मी म्हटलं.
'वीस? चार त अक्षरं हायेत.'
पंधरा काउंटरवर ठेवले.
टिंब दोनदा टाकलं, मी म्हटलं.
ती पहिल्यांदा हसली, कमरेची चंची सोडली
आणि टिंबाचा एक रुपया वर दिला.

काळीपिवळी गेली, गंज तिच्या मांडीवर.
मी वही उघडली.
जमेला लिहिलं: हात, सोळा रुपये.
मग मागची पानं काढली
आणि एकवीस केकवरची
'मा. भाऊसाहेब' पासून 'शुभेच्छुक मित्रमंडळ' पर्यंत
अक्षरं मोजत बसले,
टिंबं वेगळी.